बूट ऑर्डर सेट केली तरी परत परत बदलते? आधी ड्राइव्ह कुठे गायब होतोय ते बघा

कॉम्प्युटर चालू केला की काळ्या स्क्रीनवर 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' नाहीतर 'नो बूटेबल डिव्हाइस' असं काहीतरी येतं. मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जायचं, बूटच्या पानावर (कुठल्या ड्राइव्हवरून आधी चालू व्हायचं तो क्रम असतो तिथे) बघायचं तर विंडोजवाली एसएसडी तिसऱ्या नंबरवर जाऊन बसलेली, आणि वर कोण तर डेटाची हार्ड डिस्क नाहीतर नेटवर्क. एसएसडी परत वर आणायची, एफ१० दाबून सेव्ह करायचं, विंडोज झकास चालू. आणि आठवड्याभरात पुन्हा तेच रडगाणं. हे ज्यांच्याकडे सतत चालू आहे त्यांच्यासाठी लिहितोय, एकदाच झालं असेल आणि नंतर सगळं नीट असेल तर फार डोकं लावू नका.

बहुतेक लोक काय करतात, दरवेळी ऑर्डर नीट करतात आणि पुढे जातात, फारच वैताग आला की विंडोज पुन्हा टाकतात, आणि तरीही प्रॉब्लेम परत येतो कारण बिघाड विंडोजमध्ये नसतोच. ऑर्डर बिघडायची कारणं माझ्या मते तीनच प्रकारची असतात. एक, बायोस सगळ्याच सेटिंग्ज विसरतोय आणि बूट ऑर्डर त्यातलीच एक. दोन, चालू होताना त्या क्षणाला ड्राइव्ह बायोसला दिसलाच नाही, म्हणून लिस्टमधून उडाला, आणि पुढच्या वेळी दिसला तेव्हा शेवटी टाकला गेला, म्हणजे रांगेतून बाहेर पडलेला माणूस परत आल्यावर मागे उभा राहतो तसं. तीन, एखाद्या ऑपरेटिंग सिस्टीमने स्वतःचं नाव वर नेऊन ठेवलंय. तिन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काहीही फरक पडत नाही, म्हणून आधी आपलं प्रकरण यातलं कुठलं ते ठरवा.

ठरवायचं कसं? पुढच्या वेळी एरर आला की लगेच ऑर्डर दुरुस्त करायची घाई करू नका. आधी बायोसच्या पहिल्या पानावरचं घड्याळ आणि तारीख बघा. विंडोजमधलं घड्याळ बघून उपयोग नाही, कारण नेट लागलं की विंडोज वेळ स्वतःच बरोबर करून टाकतं आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. बायोसमधली तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर पहिला प्रकार. तारीख-वेळ बरोबर आहे पण फक्त ड्राइव्हचा क्रम बदललाय किंवा ड्राइव्ह लिस्टमध्येच नाही, तर दुसरा. आणि ड्राइव्ह आहे, घड्याळ बरोबर आहे, फक्त 'विंडोज बूट मॅनेजर' आणि 'उबंटू' (लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा एक प्रकार) या दोघांची अदलाबदल झालीय, तर तिसरा. एक अपवाद, विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर घड्याळात काही तासांचा ठरलेला फरक दिसू शकतो, कारण लिनक्स बायोसच्या घड्याळात यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळ. तो फरक म्हणजे बॅटरी गेली असं नाही. बॅटरी गेली की तारीख सरळ जुन्या सालात जाते.

पहिला प्रकार सोपा आहे म्हणून आधी तो उरकतो. मदरबोर्डवर नाण्याएवढी गोल बॅटरी असते, सीआर २०३२, ३ व्होल्टची. नंबरमधले २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी, त्यामुळे तिच्या जागी दुसऱ्या नंबरची बॅटरी कोंबू नका. मल्टीमीटर असेल तर मोजा, नवीन बॅटरी ३ च्या थोडी वर दाखवते, २.८ च्या खाली गेली असेल तर मी तरी विचार न करता बदलतो. मल्टीमीटर नसेल तर एक साधी टेस्ट आहे. डेस्कटॉपची वायर भिंतीत लावलेली आणि बटण चालू असतं तेव्हा कॉम्प्युटर बंद असला तरी पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालूच असते आणि घड्याळाला तीच पुरते, बॅटरीला कामच नसतं. त्यामुळे रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की सकाळी सेटिंग्ज गेलेल्या, आणि बटण चालू ठेवलं की सगळं नीट, असा पॅटर्न दिसला तर बॅटरीच आहे, दुसरं काही शोधत बसू नका. 'कधी कधी होतं, कधी नाही' असं जे वाटतं ना, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

बॅटरी बदलताना वायर काढायची, पण त्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेष करून साटा मोडचं पान (साटा म्हणजे ड्राइव्ह जोडायची पद्धत, ते ड्राइव्ह कसे हाताळायचे ते इथे ठरतं) आणि सीएसएमचं पान (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय), का ते पुढे येईलच. लॅपटॉपमध्ये ही बॅटरी बऱ्याचदा वायर आणि कनेक्टरसकट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असते आणि काही लॅपटॉपमध्ये वेगळी बॅटरीच नसते, तिथे मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघितल्याशिवाय उघडू नका.

इथे कुणीतरी नक्की म्हणेल की नवीन यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली पद्धत) असलेल्या बोर्डात बूट ऑर्डर बॅटरीवर नसतेच. बरोबर आहे. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये मोटोरोलाची घड्याळाची चिप होती, तिच्यात एकूण ६४ बाइट मेमरी, १४ घड्याळाला आणि ५० बाकीच्यांना, आणि तिथूनच हे सीमॉस (बॅटरीवर टिकणारी सेटिंग्जची मेमरी) आणि बॅटरीचं लफडं सुरू झालं. आताच्या बोर्डात बूटच्या नोंदी आणि त्यांचा क्रम फ्लॅश चिपमध्ये लिहिलेला असतो, तो बॅटरीशिवायही राहतो. पण घड्याळाची पॉवर मधेच गेलीय असं दिसलं की बरेच बोर्ड सेटिंग्ज विश्वासाच्या राहिल्या नाहीत असं धरतात आणि डीफॉल्ट लावून टाकतात. मग सीएसएम बदलतं, साटा मोड बदलतो आणि विंडोज चालू होत नाही. त्यामुळे परिणाम तोच.

बॅटरी नवीन टाकूनही सेटिंग्ज जात असतील तर दोन गोष्टी बघा. जुन्या बोर्डांवर सीमॉस क्लिअर करायचा तीन पिनांचा जंपर असतो, कुणीतरी क्लिअर करून टोपी परत जागेवर लावलीच नसेल तर बोर्ड विसरतच राहणार. आणि दुसरं म्हणजे रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅम जास्त स्पीडला चालवायची तयार सेटिंग. रॅम त्या स्पीडला नीट चालत नसेल तर बोर्ड चालू होताना दोन-तीन वेळा अडखळतो, स्वतःच रीस्टार्ट होतो आणि शेवटी कंटाळून डीफॉल्टवर येतो, काही बोर्ड 'ओव्हरक्लॉकिंग फेल्ड' असा मेसेज दाखवतात, काही काहीच सांगत नाहीत. लोक बूट ऑर्डरला शिव्या घालतात आणि दोष रॅमचा असतो. काही दिवस एक्सएमपी बंद ठेवून बघा. बायोस अपडेट केल्यावरही सेटिंग्ज डीफॉल्ट होतात पण ते एकदाच होतं, परत परत नाही.

आता दुसरा प्रकार, ड्राइव्ह गायब होणं. घड्याळ बरोबर असेल तर बहुतेक वेळा हाच निघतो, आणि नेमका हाच लोक तपासत नाहीत कारण बायोसमध्ये जाईपर्यंत ड्राइव्ह परत आलेला असतो! एरर आला, तुम्ही रीस्टार्ट केलं, डिलीट दाबून आत गेलात, तेवढ्यात ड्राइव्ह जागा झाला आणि लिस्टच्या तळाशी जाऊन बसला. तुम्हाला दिसतं ते एवढंच की क्रम बदललाय.

म्हणून ही टेस्ट करा. कॉम्प्युटर रात्रभर पूर्ण बंद ठेवा, सकाळी चालू करा. एरर आला तर पॉवर बटण दाबू नका, फक्त कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून रीस्टार्ट करा. आता ड्राइव्ह दिसला तर अर्थ असा की ड्राइव्ह मेलेला नाही, पण गार असताना त्याला उठायला वेळ लागतोय किंवा त्याला सुरुवातीला पुरेशी पॉवर मिळत नाहीये. फिरणाऱ्या हार्ड डिस्कला स्पीड पकडायला काही सेकंद लागतात आणि त्याच वेळी ती सगळ्यात जास्त करंट खेचते. बायोसमध्ये फास्ट बूट चालू असेल तर बोर्ड तेवढं थांबतच नाही. फास्ट बूट बंद करा, पोस्ट डिले (चालू होताना थोडं थांबायची) नावाची सेटिंग असेल तर ती ३ ते ५ सेकंद करा, एवढ्यानेच बऱ्याच जणांचं काम होतं. पण एक सांगतो, आधी नीट चालणारी डिस्क आताच उशिरा उठायला लागली असेल तर डिले वाढवणं हा उपाय नाही, वेळ काढणं आहे. डेटा दुसरीकडे कॉपी करा, मग बाकीचं.

मग स्मार्ट रिपोर्ट (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवतो ती नोंद) बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट टूल आहे, उघडलं की सगळे आकडे समोर येतात. लोक वरचा निळा 'गुड' बघतात आणि बंद करतात, तसं करू नका, खालची यादी वाचा. साटा ड्राइव्हमध्ये ०५ म्हणजे खराब सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे) बदलून टाकल्याची संख्या, सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णय बाकी असलेले सेक्टर, आणि सी७ म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या सीआरसी चुका. ०५ आणि सी५ शून्याच्या वर जाऊन वाढत असतील तर ड्राइव्हचा निरोप घ्यायची वेळ आलीय. सी७ एकटाच वाढत असेल तर ड्राइव्ह ठणठणीत असू शकतो, गडबड केबलची असते. हे टूल रॉ व्हॅल्यू (मूळ आकडे) मुळात हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर दाखवतं, म्हणजे शेवटी ३ए दिसलं तर ते ५८, दशमानात हवं असेल तर फंक्शन मेनूतून बदलता येतं. आणि सी७ चा आकडा कधीच कमी होत नाही, तेव्हा केबल बदलल्यावर तो शून्य झाला नाही म्हणून घाबरू नका, तो वाढायचा थांबला का एवढंच बघायचं.

ओळखीतल्या एका डेस्कटॉपमध्ये हेच होतं. डब्याचं बाजूचं झाकण बंद केलं की ते साटा केबलच्या सरळ टोकाला दाबायचं, केबलला धातूची क्लिपही नव्हती, त्यामुळे कनेक्टर अगदी किंचित तिरका व्हायचा. झाकण उघडून तपासलं की सगळं चालायचं, झाकण लावून दिलं की पुन्हा तक्रार! सी७ बघितला तर चांगलाच चढलेला. नव्वद अंशात वळलेल्या टोकाची क्लिपवाली केबल लावली, आकडा जिथे होता तिथेच थांबला आणि बूट ऑर्डरची तक्रार परत आली नाही.

तर केबल बदला, पोर्ट बदला, पॉवरचा कनेक्टर स्प्लिटरवरून आला असेल तर थेट पॉवर सप्लायमधून येणाऱ्या वायरवर लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही. एनव्हीएमई एसएसडीला (थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या पट्टीला) केबलच नसते पण कधी कधी ती स्लॉटमध्ये पूर्ण गेलेली नसते किंवा स्क्रू न लावल्यामुळे एका बाजूने उचललेली असते, काढून परत बसवा. शिवाय बऱ्याच मदरबोर्डवर एम डॉट २ स्लॉट (अशी पट्टी बसते तो) आणि काही साटा पोर्ट एकाच लाइनवर असतात, स्लॉट भरला की ते पोर्ट बंद. 'नवीन एसएसडी टाकली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली' या तक्रारीत बऱ्याचदा हेच असतं. कुठला पोर्ट बंद होतो ते मॅन्युअलच्या तक्त्यात दिलेलं असतं आणि प्रत्येक मॉडेलला वेगळं असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या बोर्डचं ऐकू नका.

याच प्रकरणात एक भाबडी गोष्ट पण तपासा, यूएसबीला काय काय लावलंय. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडर. काही बोर्ड यूएसबी डिस्क दिसली की तिला पुढे घेतात आणि तिच्यात बूट करण्यासारखं काही नसलं की तिथेच अडकतात. सगळं उपटून चालू करा. आणि स्क्रीनवर पीएक्सई, मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल असं आलं तर नेटवर्कची केबल तपासत बसू नका, त्याचा अर्थ इतकाच की वरचे ड्राइव्ह सापडले नाहीत म्हणून बायोस नेटवर्कवरून बूट करायचा प्रयत्न करतोय. लागत नसेल तर नेटवर्क बूट बंद करून टाका.

आता सेटिंग करताना होणारा एक घोळ, जो खरं तर बिघाड नाहीच. बऱ्याच बोर्डांमध्ये, खासकरून लेगसी म्हणजे जुन्या बायोस पद्धतीच्या मोडमध्ये, बूटच्या मुख्य लिस्टमध्ये हार्ड डिस्कची एकच जागा दिसते. दुसरी डिस्क त्यात निवडताच येत नाही. लोक म्हणतात ड्राइव्ह दिसतो पण ऑर्डरमध्ये येत नाही. खाली 'हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज' असं वेगळं पान असतं, डिस्कांचा आपसातला क्रम तिथे ठरतो आणि त्यातली पहिली तेवढी मुख्य लिस्टमध्ये जाते. आधी तिथे क्रम लावा मग मागे येऊन मुख्य लिस्ट लावा. आणि शेवटच्या पानावर 'बूट ओव्हरराइड' असतं त्यातून ड्राइव्ह निवडला तर तो फक्त त्या वेळेपुरता, एफ८, एफ११, एफ१२ वगैरेनी येणाऱ्या बूट मेनूचंही तेच. असुसच्या बोर्डला एफ८, एमएसआयला एफ११, गिगाबाइट, डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९. तिथून विंडोज चालू झालं म्हणजे ऑर्डर सेट झाली असं नाही! सेव्ह करून बाहेर पडलात तरच.

बायोसमध्ये शिरताच येत नसेल, म्हणजे डिलीट आणि एफ२ दाबून दाबून बोट दुखलं तरी सरळ विंडोजच उघडत असेल, तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. हा पर्याय तिथे दिसतच नसेल तर तुमचं विंडोज लेगसी मोडमध्ये टाकलेलं आहे, ही माहिती पण पुढे उपयोगी पडेल.

पुढे जायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला लोडर चालू देणारी सेटिंग), सीएसएम, टीपीएम (किल्ल्या जपणारी चिप), बूट ऑर्डर यातलं काहीही बदललं की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं आणि ती नसेल तर डेटा गेला असंच समजा. अनेक नवीन लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, मालकाला पत्ताही नसतो. आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर ही रिकव्हरी की आहे का बघा, लिहून घ्या, आणि बिटलॉकर काही वेळासाठी सस्पेंड करून मगच हात घाला. हे वगळू नका, खरंच सांगतो.

तर, यूईएफआय आणि लेगसी. डिस्कवर पार्टिशनची यादी ठेवायच्या दोन पद्धती असतात, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. डिस्क एमबीआर पद्धतीची असेल तर ती लेगसी किंवा सीएसएम चालू असतानाच बूट होते, जीपीटी असेल तर विंडोजला यूईएफआय लागतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, तिथे पार्टिशन स्टाइल लिहिलेली असते. बायोस डीफॉल्टवर गेला आणि सीएसएम बंद झालं की एमबीआर डिस्क बूटच्या लिस्टमधून नाहीशी होते, साटाच्या पानावर मात्र दिसत राहते. हा फरक लक्षात ठेवा. साटा किंवा एनव्हीएमईच्या पानावर ड्राइव्ह दिसतोय पण बूट लिस्टमध्ये नाही, तर केबल-बिबल सोडा, मोडची गडबड आहे. तिथेही नाही, तर हार्डवेअर.

लेगसीला धरून बसण्यात आता अर्थ नाही असं माझं मत. एमबीआर साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरू शकत नाही, इंटेलने २०१७ मध्येच सांगितलं होतं की २०२० पर्यंत लेगसी सपोर्ट काढणार, आणि २०२१ ला आलेल्या विंडोज ११ ला यूईएफआय लागतंच. विंडोज १० च्या १७०३ व्हर्जनपासून एमबीआर टू जीपीटी नावाची कमांड विंडोजमध्येच येते, नावातल्या 'टू'च्या जागी २ हा आकडा टाइप करायचा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी व्हॅलिडेट आणि अलाऊफुलओएस हे दोन स्विच लावून चालवा, ते पास झालं तर व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट लावून, आणि मग लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करा, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही. डेटा जात नाही पण बॅकअप घेतल्याशिवाय करू नका. आणि डिस्कवर लिनक्सही असेल किंवा पार्टिशन जास्त असतील तर व्हॅलिडेशन फेल होतं, तिथे जबरदस्ती करू नका.

एनव्हीएमईबद्दल एक, साधारण २०१४ च्या आधीचे बोर्ड तिच्यावरून बूट करतच नाहीत. ॲडॅप्टर लावून विंडोजमध्ये डी ड्राइव्ह म्हणून दिसेल, वापरता येईल, पण बूट नाही. त्यात ऑर्डरची काही चूक नाही.

साटा मोड हा सगळ्यात घातक स्विच. त्यात पर्याय असतात एएचसीआय (साधी पद्धत), रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची), इंटेलची आरएसटी, आणि ११ व्या पिढीच्या इंटेलपासून पुढे व्हीएमडी. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलं त्याच मोडमध्ये ते चालू होतं, मोड बदलला की निळी स्क्रीन आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. बॅटरी गेल्यावर डीफॉल्टमध्ये नेमका हाच मोड बदलतो, आणि मग लोक ऑर्डर कितीही लावोत, विंडोज येत नाही. म्हणून वर फोटो काढायला सांगितलं. फोटो नसेल तर आंधळेपणाने अंदाज लावायला हरकत नाही, मोड बदलून बूट करून बघा, चाललं नाही तर परत मागे न्या. फक्त रेडमध्ये खरोखरच दोन डिस्क जोडून ॲरे केलेला असेल तर त्या पानावर क्रिएट, डिलीट, इनिशियलाइज असल्या कशालाही हात लावू नका.

मोड मुद्दाम बदलायचाच असेल, उदाहरणार्थ रेडवरून एएचसीआय, तर पुन्हा विंडोज टाकायची गरज नाही. बीसीडीएडिट (विंडोजच्या बूटच्या नोंदी बदलणारी) कमांडने करंट नोंदीला सेफबूट मिनिमल सेट करा, नाहीतर सरळ एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूटवर टिक करा, रीस्टार्ट, बायोसमध्ये मोड बदला, सेव्ह, विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि योग्य ड्रायव्हर स्वतः उचलेल, मग टिक काढून परत रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, अकाउंटचा पासवर्ड माहीत असू द्या. उलटं प्रकरण म्हणजे नवीन लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही, तिथे व्हीएमडी चालू असतं, एकतर इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर'मधून द्या किंवा व्हीएमडी बंद करा. मी ड्रायव्हर देणंच पसंत करतो, म्हणजे पुढे कधी बायोस डीफॉल्टवर गेला तरी विंडोज चालू राहतं.

आता असं एक प्रकरण जे ऑर्डरचं वाटतं पण वेगळंच असतं. जुनी हार्ड डिस्क लावलेली असताना नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं तर इन्स्टॉलर बऱ्याचदा विंडोज एसएसडीवर टाकतो पण बूटच्या फाइली जुन्या डिस्कवर आधीच असलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाइलींसाठीच्या छोट्या वेगळ्या भागात) ठेवतो. वर्षभर काही कळत नाही. ज्या दिवशी जुनी डिस्क काढली, बंद पडली किंवा तिची केबल हलली त्या दिवशी नवी कोरी एसएसडी पण बूट होत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा, 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' कुठल्या डिस्कवर आहे. सी ड्राइव्ह एका डिस्कवर आणि ते दुसऱ्या डिस्कवर असेल तर हाच घोळ. जुनी डिस्क चालू आहे तोवर दुरुस्त करा: एसएसडी जीपीटी आहे याची खात्री करा, डिस्कपार्टमध्ये (पार्टिशन करायचं विंडोजचं कमांड टूल) सी व्हॉल्यूम ३०० एमबीने श्रिंक करा, मोकळ्या जागेत २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन बनवा, फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा, एस हे अक्षर द्या, मग बीसीडीबूट कमांडला सी मधल्या विंडोज फोल्डरचा पाथ द्या, पुढे स्लॅश एस आणि एस ड्राइव्ह, स्लॅश एफ आणि यूईएफआय. डिस्कपार्टमध्ये फॉरमॅट मारायच्या आधी कुठली डिस्क आणि कुठलं पार्टिशन निवडलंय ते लिस्ट कमांडने बघा, निवडलेल्यासमोर चांदणी असते. नवीन विंडोज टाकताना मात्र बाकीच्या सगळ्या डिस्क काढूनच टाका, हा त्रासच नको.

राहिला तिसरा प्रकार, विंडोज आणि लिनक्सची ढकलाढकली. यूईएफआयमध्ये कुठलीही ऑपरेटिंग सिस्टीम बूटचा क्रम स्वतः बदलू शकते, त्यासाठी बायोसमध्ये जावं लागत नाही, आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर विंडोज बूट मॅनेजर वर गेलेला दिसतो. लिनक्समध्ये ईएफआयबूटएमजीआर कमांड चालवली की सगळ्या नोंदी चार अंकी नंबरांसकट दिसतात, डॅश ओ लावून हवा तो क्रम स्वल्पविरामाने द्या. विंडोजमधून बघायचं तर बीसीडीएडिट, स्लॅश ईनम, फर्मवेअर. तिथे जुन्या, कधीच काढून टाकलेल्या डिस्कांच्या नोंदीही सापडतात, एकाच नावाच्या दोन-तीन. नोंद काढायच्या आधी ती कुठल्या पार्टिशनकडे बोट दाखवतेय ते नीट वाचा, नाव सारखं असलं तरी एक जिवंत असते.

काही फर्मवेअर (बोर्डातलं बायोस किंवा यूईएफआय) इतके हट्टी असतात की काहीही केलं तरी विंडोज बूट मॅनेजरच वर आणतात. तिथे बायोसमध्ये ॲडमिन पासवर्ड लावल्यावर 'ट्रस्टेड फाइल निवडा' असा पर्याय उघडतो का बघा, काही लॅपटॉपमध्ये त्याशिवाय लिनक्सची नोंद टिकतच नाही. तेही नसेल तर शेवटचा जुगाड: यूईएफआयला नोंद सापडली नाही की तो ईएफआय पार्टिशनमधल्या बूट फोल्डरमध्ये बूटएक्स६४ नावाची फाइल शोधतो, तर तिथे असलेली फाइल दुसऱ्या नावाने जपून ठेवा आणि आपल्या लोडरची (लिनक्स चालू करणाऱ्या फाइलची) कॉपी त्या नावाने ठेवा. सिक्युअर बूट चालू असेल तर कॉपी शिमची (सिक्युअर बूटला चालणाऱ्या छोट्या पहिल्या लोडरची) करायची, आणि ग्रबची (लिनक्सच्या मुख्य लोडरची) फाइलही त्याच फोल्डरमध्ये शेजारी ठेवायची, नाहीतर शिमला पुढे काय उघडायचं ते सापडत नाही. एवढं लक्षात असू द्या की ही कॉपी अपडेटने स्वतः बदलेलच असं नाही, ग्रब अपडेट झालं की एकदा तारीख बघा आणि जुनी राहिली असेल तर परत कॉपी करा.